दोन टक्क्यांचा घोळ: माझा अनुभव

अकरा दिवस आमचे आठ ड्रम सिन्नरच्या एका कंपनीच्या गोदामात लाल स्टिकर लावून पडून होते. इकडे अंबडच्या लॅबमध्ये मी तेच टायट्रेशन (थेंब थेंब द्रावण सोडून मालाचं प्रमाण मोजणं) करून करून कंटाळले होते.

माल बीकेसी ५० टक्के, म्हणजे बेन्झाल्कोनियम क्लोराइड, जंतुनाशकात घालतात तो क्वाट (क्वाटर्नरी अमोनियम क्षार). बनवायला फार अवघड नाही. फॅटी अमाइन आणि पाणी गरम करून बेन्झिल क्लोराइड हळूहळू सोडायचं. घाई केली तर तापमान उसळतं, आणि वाफ सुटली की अख्खी शिफ्ट डोळे पुसत बसते. शेवटी फ्री अमाइन, म्हणजे न लागता उरलेलं अमाइन, तपासायचं.

आमचा आकडा ५०.१. त्यांचा ४८.१, म्हणून माल रिजेक्ट.

सरांनी आधी माझ्याकडेच पाहिलं. खरं सांगायचं तर मलाही माझाच संशय आला. बुचाच्या सिलिंडरमध्ये मोजून एसएलएस (सोडियम लॉरिल सल्फेट), मिथिलीन ब्लू हा रंग आणि क्लोरोफॉर्म घ्यायचं. निळा रंग खाली क्लोरोफॉर्ममध्ये बसतो. ब्युरेटमधून पातळ केलेलं बीकेसी सोडत हलवत राहिलं की तो वर पाण्यात चढू लागतो. दोन्ही थर सारखे निळे झाले की थांबायचं. जोरात हलवलंत तर सगळं दुधासारखं होतं, मग थर सुटेपर्यंत बसा बघत! पावसाळी अंधारात मागे पांढरा कागद धरा, नाहीतर शेवटचा थेंब हुकतो. नवीन एसएलएस करून त्याचा फॅक्टर, म्हणजे नेमकी तीव्रता, काढला; मालाचा आकडा तोच: ५०.१. क्वाट काचेला चिकटतो म्हणून ब्युरेट मेथनॉलने धुतलं: ५०.०. धुणाऱ्या मावशींचा साबण सिलिंडरला राहतो की काय, म्हणून स्वतः खळखळून धुतले. परत ५०.१. (आणि हो, बीकेसी पिपेटने घेऊ नका, बुडबुडे येतात. वजन करूनच घ्या.)

फोनवर एकच उत्तर: "मॅडम, आमची मेथड व्हॅलिडेटेड आहे." कॅल्क्युलेशन शीट मागितली, तर ती म्हणे कंट्रोल्ड डॉक्युमेंट, बाहेर देत नाही. दोनदा मागितली, दोनदा तेच.

अकराव्या दिवशी मोहदरी घाटात भिजत स्कूटीवरून गेले. त्यांच्या केमिस्टशेजारी उभं राहून टायट्रेशन पाहिलं. मुलाचा हात चांगला होता. रीडिंगवरून मी मोबाइलवर हिशेब केला, ५०.१ च येत होते. त्याने एक्सेलमध्ये रीडिंग टाकलं आणि स्क्रीनवर ४८.१!

"हे ३४० कुठून आलं?"

"मॉलेक्युलर वेट आहे, मॅडम."

१२ कार्बनच्या साखळीचं, बरोबर. पण आमच्या अमाइनमध्ये १२ आणि १४ दोन्ही. सरासरी ३५४, फार्माकोपियाही (औषधांच्या दर्जाचा अधिकृत ग्रंथ) तेच धरतो. ५०.१ ला ३४० ने गुणून ३५४ ने भागा, त्यांचे ४८.१ हजर. तीन मिनिटांत निघालं, आणि माझा अर्धा लिटर क्लोरोफॉर्म गेला.

माल पास झाला. पुढच्या लॉटच्या सीओएवर (मालासोबतच्या तपासणी प्रमाणपत्रावर) मी ३५४ ठळक छापलं. दुसऱ्याच दिवशी फोन: "मॅडम, ही लाइन आमच्या फॉरमॅटमध्ये बसत नाही, काढता का?"