सही माझीच होती

गेल्या मंगळवारी जळगावात आमच्या एंडोस्कोपी रूमला अमळनेर तालुक्यातल्या एक आजी आल्या. डोळे हळदीसारखे पिवळे, ताप १०३, हुडहुडी एवढी की स्ट्रेचर वाजत होतं. आठ दिवस कावीळ उतरवणाऱ्याकडे गेले होते. पित्तनळी तुंबून आत पू झालेला असताना पाला-मुळी काय करणार? मुलगा म्हणाला, “पित्ताची पिशवी तर दोन वर्षांपूर्वीच काढली ना भाऊ, मग खडा कुठून आला?”

एक्स-रेच्या पडद्यावर उत्तर दिसलं. पित्तनळीत प्लास्टिकचा स्टेंट, म्हणजे पित्त वाहतं राहावं म्हणून आत ठेवलेली बारीक नळी. रजिस्टर काढलं. जाडी सात फ्रेंच, म्हणजे सव्वादोन मिलिमीटरच्या आसपास, लांबी दहा सेंटिमीटर, दोन्ही टोकं वळलेली. असिस्टंट म्हणून सही माझी.

त्या वेळी पू होता म्हणून सरांनी, म्हणजे आमच्या डॉक्टरांनी, आधी वाट मोकळी केली, खडा नंतर काढला आणि खबरदारी म्हणून स्टेंट ठेवला. असा स्टेंट साधारण तीन महिन्यांत गाळाने बुजतो, त्याआधी काढावा किंवा बदलावा लागतो. पुढे पिशवीचं ऑपरेशन दुसरीकडे झालं. घरच्यांना वाटलं, सगळं निघालं.

सरांनी फास टाकून स्टेंट धरला, पण हलेना. आतल्या टोकाभोवती खडा जमला होता. ओढला असता तर पित्तनळी फाटायची भीती. मग स्टेंटच्या बाजूने गाईडवायर, म्हणजे वाट धरून देणारी बारीक तार, वर सरकवायची होती, आणि ते काम माझं. वायर बोटांनी ऐकावी लागते. अडली की जोर करायचा नाही, किंचित मागे घेऊन फिरवायची. चौथ्यांदा ती सुळकन वर गेली आणि मागोमाग पिवळाजर्द पू आला. फुग्याने पित्तनळीचं तोंड १२ मिलिमीटरपर्यंत रुंदावलं, तेव्हा कुठे स्टेंट सुटला. टोकाला तपकिरी, मऊ खडा, कणसाला दाणे लगडावेत तसा. उरलेला चुरा तारेच्या जाळीने (बास्केट) आणि फुग्याने झाडून काढला.

आणि पुन्हा स्टेंट टाकला. पित्तनळी इतकी सुजली होती की इलाज नव्हता.

तिसऱ्या दिवशी आजी उठून बसल्या. जुनं डिस्चार्ज कार्ड मुलाने जपून ठेवलेलं, प्लास्टिकच्या पिशवीत. शेवटच्या ओळीत स्टेंट सहा आठवड्यांनी काढण्याची सूचना, इंग्रजीत. आजी म्हणाल्या, “माले कोनी सांगंच नही, भाऊ.” खरं होतं ते. पावती समजावून सांगायला काउंटरवर माणूस असतो, कार्ड समजावून सांगायला कोणी नसतं.

या वेळी कार्डावर लाल मार्करने मीच लिहिलं: पोटात नळी आहे, काढायची आहे. तारीख टाकली, माझा नंबर टाकला.

रात्री दोन वर्षांचं रजिस्टर घेऊन बसलो. चौदा नावांपुढे ‘काढला’ लिहिलेलं नव्हतं. नऊ फोन लागले. एक जण ऊसतोडीला गेलाय, शेजाऱ्याकडे निरोप ठेवलाय. बाकी चार नंबर रोज लावतोय.