बर्फातला एसी आणि आमच्याकडचं ऊन

नॉर्वेत ट्रॉन्डहाइमच्या आमच्या घराबाहेर पंख्याची एक पेटी आहे. व्हिडिओ कॉलवर ती दिसली की विदर्भातल्या आमच्या दारव्ह्याहून घरचे हटकून विचारतात, "बर्फात एसी कायले लावला गा?"

खरं तर तो एसीच आहे, उलटा चालणारा. कॉम्प्रेसर, गॅस, तांब्याच्या नळ्या, सगळं तेच. एक झडप गॅसची वाट फिरवते आणि बाहेरची उष्णता घरात येते. उणे दहा अंशांच्या हवेतही उष्णता असतेच. गॅस त्या हवेहूनही थंड झाला की ती शोषून घेतो. साध्या हीटरमध्ये एक युनिट विजेतून एक युनिटच उष्णता मिळते. हा उलटा एसी, म्हणजे हीट पंप, थंडी बेताची असताना तीन-चार युनिट देतो, उणे पंधराच्या आसपास दोनेक. घरं तापवायला खनिज तेल जाळण्यावर इथं 2020पासून बंदी आहे, आणि या यंत्राची निवड लोक फार विचार करून करतात.

दुकानदार सांगतो तो मोठा आकडा बहुधा बाहेर अधिक सात अंश असतानाचा असतो. विचारायचं ते हे, की कडाक्याच्या थंडीत यंत्र किती उष्णता देईल? गरजेपेक्षा मोठं यंत्र घेतलं तर ते सारखं चालू-बंद होत राहतं, वीज खातं आणि लवकर झिजतं. आणि भिंती-खिडक्यांतून ऊब निसटत असेल तर कितीही भारी पंप घ्या, उपयोग नाही.

देखभाल म्हणजे मुख्यतः घरातल्या पेटीची जाळी साफ ठेवणं. हिवाळ्यात दर काही आठवड्यांनी मी ती काढून धुतो. बाहेरची पेटी बर्फाच्या थरापेक्षा उंच, स्टँडवर बसवलेली आहे. तिच्या नळ्यांवरच्या धातूच्या बारीक पात्यांवर हिम साचलं की यंत्र स्वतःच थोडा वेळ उलटं चालून ते वितळवतं. तेव्हा पेटीतून वाफ निघते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. ते पाणी वाहून जायला वाट मात्र हवी, नाहीतर तळाशी गोठतं. असा बर्फ सळईनं ठोकून काढू नये, नळी फुटली तर गॅस जातो.

दादा गावात स्लॅबचं घर बांधतोय. त्याला हॉट अँड कोल्ड एसी घ्यायचा आहे. माझं मत त्याला स्पष्ट सांगितलं: आधी स्लॅबवर पांढरा उष्णतारोधक थर दे आणि पश्चिमेच्या खिडकीवर सावली कर. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात वाळ्याच्या ताट्यांचा कूलर उत्तम, विजेला एसीपेक्षा कितीतरी हलका. पाऊस पडून हवा दमट झाली की कूलर काही कामाचा नाही. त्या दिवसांसाठी एका खोलीपुरता इन्व्हर्टर एसी (गरजेप्रमाणे कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करणारा) पुरे, पण त्या खोलीत दोन्ही एकत्र चालवू नको. कूलर सोडेल तो ओलावा एसीला काढत बसावा लागतो.

गरम हवेची सोय आईच्या खोलीसाठी घ्यावी. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री तिचे गुडघे आखडतात, आणि दोन हजार वॅटच्या हीटरपेक्षा हा स्वस्त पडेल. साध्या एसीपेक्षा किमतीत फार फरक असेल तर मात्र नको.

आपल्याकडे आणखी एक बघायचं. एसीची क्षमता बाहेर 35 अंश धरून मोजलेली असते. 45-46 अंशांत ती घटते, म्हणून पन्नासच्या वर चालेल असं लेखी दिलेलं मॉडेल घ्यावं. बाहेरची पेटी उत्तरेच्या भिंतीला, सावलीत लावावी. टिनाखाली कोंडू नये. अंगणात तुरीचं थ्रेशर चालतं तेव्हा भुसा पात्यांत जाऊन बसतो. काम संपलं की मेन स्विच बंद करून हलक्या धारेनं पाणी मारावं, जोराच्या धारेनं पाती वाकतात.

आमचं घर डीपीपासून (ट्रान्सफॉर्मरपासून) लांब आहे, तिथवर व्होल्टेज कमी पडू शकतं. म्हणून दादाला म्हटलं, संध्याकाळी सगळ्यांचे पंखे-कूलर चालू असताना वायरमनकडून व्होल्टेज मोजून घे, अर्थिंग तपास, आणि तो आकडा घेऊनच स्टॅबिलायझर बघायला जा.