तुम्ही विचारलंत म्हणून: “दोन्ही कसं जमवता?”

“मॅडम, काम आणि घर दोन्ही कसं जमवता तुम्ही?” हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेलाय की उत्तर तोंडपाठ झालंय, आणि ते उत्तर खरं नाही. म्हणून एकदा नीट बसून लिहिते.

विचारणाऱ्यांना माझ्याबद्दल दोन गोष्टी ठाऊक असतात. मी संध्याकाळी सहाला निघते आणि रात्रीच्या कामाची माझी पाळी नसेल तर त्यानंतर ऑफिसचा फोन घेत नाही. आणि बाबांच्या शेवटच्या आजारपणात मी रजा घेऊन, फोन पूर्ण बंद करून त्यांच्याजवळ राहिले, तरी परतले तेव्हा माझा हुद्दा जागच्या जागी होता. एवढ्यावरून लोकांनी ठरवून टाकलंय की मला काहीतरी गवसलंय.

पूर्वी या प्रश्नाचा रागही यायचा. माझ्याच हुद्द्यावरच्या पुरुष सहकाऱ्यांना तो कुणी विचारत नसे. त्यांनी घर सांभाळायचं असतं हेच मुळी कुणाच्या डोक्यात येत नसे. हा राग अजून गेलेला नाही. पण अलीकडे विचारणाऱ्यांमध्ये नुकते बाप झालेले मुलगे असतात, आई अंथरुणाला खिळलेली माणसं असतात, आणि ती मनापासून विचारतात. त्यांना “प्राधान्यक्रम ठरवा, नाही म्हणायला शिका” असं सांगून वाटेला लावणं मला आता जमत नाही. हीच वाक्यं मी नव्यांच्या प्रशिक्षणात वर्षानुवर्षं म्हटली आहेत, स्लाइडवर लिहून दाखवली आहेत. चुकीची आहेत असं नाही. ती ज्याच्यासाठी म्हटली जातात त्या एकट्या माणसापुरतीच खरी आहेत, आणि काम कधीच एकट्या माणसाचं नसतं.

आमचं काम पैशांचे व्यवहार चालवणाऱ्या सिस्टीमचं. ती चोवीस तास चालू राहावी लागते. त्यामुळे टीममधलं कुणीतरी एक जण नेहमी ऑन-कॉल, म्हणजे हाक आली की लगेच कामाला लागायच्या तयारीत, असतं. बिघाडाची चाहूल लागली की त्याच्या फोनवर अलर्ट वाजतो, काही मिनिटांत तो स्वीकारला नाही तर रोस्टरवरच्या, म्हणजे पाळ्यांच्या तक्त्यावरच्या, पुढच्या माणसाचा फोन वाजतो. या पद्धतीचं गणित नवीन नाही. गूगलच्या अभियंत्यांनी २०१६ मध्ये ते छापून जगापुढे ठेवलं: एकाच ठिकाणी बसणारी टीम असेल, एकेका आठवड्याची पाळी असेल आणि एका वेळी मुख्य व राखीव असे दोघं पाळीवर असतील तर रोस्टरवर किमान ८ माणसं हवीत. त्याहून कमी असली तर माणसं पिचतात. आम्ही तिघं होतो. हे मला माहीत होतं, माझ्या वरिष्ठांना माहीत होतं, आणि आम्ही त्याला “छोटी पण जिद्दी टीम” म्हणत होतो.

मग बाबांचं दुखणं उपचारांच्या पलीकडे गेलं आणि त्यांना घरी आणलं. वेदनाशमनासाठी पातळ मॉर्फिन सुरू झालं. ते दर चार तासांनी द्यायचं असतं, दुखायला लागण्याची वाट न पाहता, रात्रीसुद्धा. मधेच कळ आली तर वेगळा जादा डोस. त्याने पोट साफ होत नाही, म्हणून त्याचं औषध सोबत. घरी येणाऱ्या परिचारिकेने मला सगळं शिकवलं आणि एक वही करायला लावली: वेळ, किती मिली, डोसाआधी दुखणं किती, अर्ध्या तासाने किती. ती म्हणाली होती, “हे करताना दुसरं काही करायचं नाही.”

मी फोन बंद केला तो या वाक्यामुळे. एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळलं की लक्षाचा काही भाग पहिल्यातच अडकून राहतो, हे सोफी लरॉय या संशोधिकेने २००९ मध्ये मांडलं होतं. मला त्यासाठी संशोधनाची गरज नव्हती. सर्व्हरच्या विचारात मी घरी कितीतरी गोष्टी ऐकल्यासारखं करून न ऐकता सोडलेल्या होत्या. मिलीलिटरच्या खुणा वाचताना तसं चालणार नव्हतं. मी वरिष्ठांना कळवलं, टीमला कळवलं, माझ्या पाळ्या उरलेल्या दोघांत वाटून दिल्या. दोघंही लगेच “हो” म्हणाले. त्यांतली एक नुकतीच बाळंतपणाच्या रजेवरून परतली होती. “मॅडम, तुम्ही निर्धास्त जा,” असं ती म्हणाली, आणि मी खरंच निर्धास्त गेले.

ते दिवस मला मिळाले याबद्दल मी आजही कृतज्ञ आहे. बाबांशी फार काही बोलणं झालं असं नाही. ते बराच वेळ ग्लानीत असत. पण त्यांच्या खोलीत मी होते, सगळीच्या सगळी होते. कूस कधी बदलायची, ओठ कधी ओले करायचे, हे मला न सांगता कळायला लागलं. असं याआधी आयुष्यात फार कमी वेळा झालं होतं.

ते गेले. त्यानंतरचं सगळं उरकून मी कामावर परतले. पहिल्याच दिवशी वरिष्ठ भेटले, सांत्वन केलं आणि म्हणाले, “तुम्ही नसतानाही काहीसुद्धा अडलं नाही. टीम छान तयार केलीत तुम्ही.” मला त्या वेळी बरं वाटलं.

दुपारी मी सवयीने मागचे अलर्ट उघडले. परतलं की आधी काय काय घडून गेलं ते बघायचं, हा माझा शिरस्ता. डेटाबेसची, म्हणजे सगळ्या नोंदींच्या साठ्याची, दुसरी प्रत रात्रीच्या मोठ्या कामाच्या वेळी मूळ प्रतीच्या मागे पडत होती, आणि तो अलर्ट रात्र-रात्र वाजत होता. हा बिघाड जुना होता. मुळापासून दुरुस्त करायला सवड हवी होती आणि तिघांत ती कधी निघाली नव्हती. माझी पाळी असे तेव्हा मी उठून तात्पुरतं निस्तरायचे. आता समोर ओळीने एकच नाव दिसत होतं. दुसऱ्या सहकाऱ्याला मध्येच ताप आल्याने त्याच्याही पाळ्या तिनेच घेतल्या होत्या. अलर्ट दोनला वाजला, दोन मिनिटांत तिने स्वीकारला. तीनला पुन्हा. पाचला पुन्हा.

बाबांची वही अजून माझ्या पिशवीतच होती. मी ती काढली आणि शेजारी ठेवली. का काढली ते सांगता येणार नाही. वहीत माझ्या अक्षरात रात्री दोनचा डोस, स्क्रीनवर त्याच रात्री दोनला तिचं नाव. वहीत सहाचा डोस, स्क्रीनवर तिने पाचला उठून साडेसहाला लिहिलेली नोंद: “तूर्तास ठीक, लक्ष ठेवून आहे.” पानामागून पान. दोन घरांत दोन बायका एकाच वेळी जाग्या होत्या. माझ्या जागरणाला रजा होती, माणसांची सहानुभूती होती. तिच्या मांडीवर तान्हं मूल होतं आणि सकाळी नऊची मीटिंग होती.

मी तिला विचारलं, वरिष्ठांना का नाही सांगितलंस? ती म्हणाली, “तुमचे बाबा होते ना मॅडम. मग मी काय सांगणार, की मला झोप मिळत नाही?” तिच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि मला ती असती तर बरं झालं असतं. पुढच्या महिन्यात तिने राजीनामा दिला. कारणाच्या रकान्यात लिहिलं, “कौटुंबिक.” मनुष्यबळ विभागाने तसंच नोंदवून घेतलं. कागदोपत्री तिला समतोल साधता आला नाही आणि मला आला.

इथे माझी जुनी मी मला अडवते, नव्यांना स्लाइड दाखवणारी. ती म्हणते, तिला ‘नाही’ म्हणता आलं असतं. मी म्हणते, तिघांतली एक घरी, एक तापाने आडवा, ती ‘नाही’ कुणाला म्हणणार होती? मशीनला? जुनी मी हार मानत नाही. विचारते, मग तू काय, बाबांना सोडून पाळी करणार होतीस? नाही. उद्या पुन्हा तशी वेळ आली तर मी पुन्हा फोन बंद करीन. हे मी ठामपणे लिहिते आहे, कारण हा प्रसंग ऐकून काही जणांनी मला अपराधी ठरवलं आणि काहींनी घाईघाईने माफ करून टाकलं. दोन्हीही मला नको आहे. मी योग्य तेच केलं आणि त्याची किंमत दुसऱ्या कुणीतरी मोजली. ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी आहेत आणि त्यांची एकमेकांशी तडजोड मला अजून लावता आलेली नाही.

त्यानंतर मी कामाच्या तासांबद्दल पुष्कळ वाचलं. रॉबर्ट ओवेन यांनी १८१७ च्या सुमारास आठ तास काम, आठ तास विरंगुळा, आठ तास झोप अशी मागणी मांडली. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९१९ मधल्या पहिल्याच कराराने उद्योगांसाठी दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. त्या लढ्यांचं ऋण मी मानते. पण त्या तीन आठांमध्ये दर चार तासांचा डोस कुठे बसतो? तान्ह्या बाळाचं रात्रीचं पाजणं कुठे? विरंगुळ्यात की झोपेत? ती विभागणी ज्याच्या घरातलं सगळं दुसरंच कुणी बघत होतं अशा माणसाच्या दिवसाची आहे.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये मिळून आकडे प्रसिद्ध केले. आठवड्याला ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या विकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो. हे आकडे आता मी नव्यांना नाही, वरिष्ठांना दाखवते. फ्रान्समध्ये २०१७ पासून ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांना, कामाच्या वेळेनंतर संपर्काबाहेर राहण्याच्या हक्काबद्दल कर्मचाऱ्यांशी वाटाघाटी कराव्या लागतात. असा हक्क सगळीकडे हवा असं मला कळकळीने वाटतं. त्याच वेळी हेही दिसतं की मी संपर्काबाहेर गेले तरी अलर्ट वाजायचा थांबत नाही. तो कुठेतरी वाजतोच. ते ‘कुठेतरी’ कुणाचं घर आहे, हे आधी ठरलेलं नसेल तर तो जो सगळ्यात कमी बोलतो त्याच्या उशाशी वाजतो.

म्हणून आता कुणी विचारलं, की मी उलट विचारते: तुम्ही नसाल तेव्हा तुमचं काम कोणाकडे जाणार आहे, आणि त्याच्या घरी काय चाललंय? पुष्कळांना हा प्रश्न आवडत नाही. एका मुलीने मला सुनावलं, “म्हणजे आता रजा घेतानाही दुसऱ्यांची काळजी मीच करायची?” तिचं चूक नाही. ती काळजी तिची नसून पगार देणाऱ्यांची आहे. पण ते ती करत नाहीत तोवर कुणी तरी विचारायला हवं, आणि माझ्या टीमपुरतं ते मी विचारते.

व्यवहारात मी केलं ते थोडंच. रात्री तीनदा अलर्ट आला तर दुसऱ्या दिवशी सकाळची सुट्टी, न मागता. कुणी रजेवर असेल तर त्याच्या वाटच्या पाळ्या कुणी घेतल्या याची यादी दर आठवड्याला वरिष्ठांपर्यंत जाते, ‘काही अडलं नाही’ असं त्यांना पुन्हा म्हणता येऊ नये म्हणून. डेटाबेसचा तो बिघाड नव्या कामांआधी दुरुस्त केला. आणि वरचं पद आलं तेव्हा मी नाकारलं, कारण त्या खुर्चीत बसल्यावर मला या रात्री दिसल्या नसत्या. यावर माझा नवरा म्हणतो की मी त्या खुर्चीत बसले असते तर माणसं वाढवता आली असती. कदाचित त्याचंच बरोबर असेल. आमचा हा वाद मिटलेला नाही.

आता आम्ही पाच जण आहोत. त्यातला एक पुढच्या महिन्यात बाप होणार आहे आणि त्याने रजा मागितली आहे, ती मी मंजूर केली. त्याच्या वाटचा एक आठवडा रोस्टरवर मोकळा आहे. पूर्वी मी तो गुपचूप स्वतःच्या नावावर घातला असता आणि लोकांनी पुन्हा मला विचारलं असतं, कसं जमवता. या वेळी मी तो कुणाच्याच नावावर घातलेला नाही. माणूस द्या किंवा त्या आठवड्यात रात्रीची कामं बंद ठेवा, असं वरिष्ठांना लेखी कळवलंय. त्यांचं उत्तर यायचंय.