घोडबंदरच्या गच्चीवरून एनजीसी १३००

मधोमध दंड असलेली सर्पिल दीर्घिका टिपायची म्हटलं की जाणकार थेट वांगणीला, शहराच्या उजेडापासून दूर, जायला सांगतात. पण माउंट (ताऱ्यांच्या गतीने दुर्बीण फिरवणारा आधार), दुर्बीण आणि बॅटरी घेऊन लोकलमध्ये चढणं माझ्याच्याने होणार नव्हतं, म्हणून मी घरच्या गच्चीवरच बसायचं ठरवलं.

आधी सोसायटीची परवानगी. "अगं, ड्रोन तर नाही ना उडवणार?" एवढंच विचारून सेक्रेटरी काकांनी टाकीजवळचा दिवा बंद ठेवायला सांगितलं. त्या एका दिव्याने जो फरक पडला, तो दिव्यांचा उजेड गाळणाऱ्या महागड्या फिल्टरने पडला नाही. आता रस्त्यावरचे दिवे एलईडीचे आहेत. त्यांचा उजेड सगळ्या रंगांत पसरलेला आणि दीर्घिकेचाही तसाच, मग फिल्टर वेगळं काय काढणार?

एनजीसी १३०० ही दीर्घिका (एनजीसी म्हणजे दीर्घिका, तारकागुच्छ वगैरेंची एक यादी) निवडली कारण तिचा दंड ठळक आहे आणि ती ठाण्यातून ५० अंशांपर्यंत वर येते. मृगाच्या पश्चिमेला, यमुना तारकासमूहात. डिसेंबरअखेरीस रात्री नऊच्या सुमारास ती दक्षिणेला सर्वांत उंच असते. तिथे शहराचा उजेड आहे, पण नंतर ती नैर्ऋत्येला येऊरच्या डोंगराकडे कलते, आणि तिकडचं आकाश जरा बरं.

माउंटचा अक्ष ध्रुवाकडे रोखावा लागतो, पण ध्रुवतारा इथून जेमतेम १९ अंशांवर, म्हणजे आमच्याकडे समोरच्या टॉवरमागे. फोटोतले तारे नकाशाशी जुळवून माउंटचा अक्ष लावून देणारं सॉफ्टवेअर आहे, त्यावर भागलं.

दीर्घिकेची प्रत, म्हणजे तेजस्वितेचा आकडा, १०.४; आकडा मोठा तितकी वस्तू फिकट. उजळ आकाशात लांब एक्सपोजर दिलं की फोटो पांढराफटक होतो, म्हणून ३० सेकंदांच्या भरपूर फ्रेम घ्यायच्या. सोबत कॅमेऱ्याचे दोष वजा करायला झाकण लावून डार्क फ्रेम आणि एकसारख्या उजेडात फ्लॅट फ्रेम. मग स्टॅकिंग, म्हणजे सगळ्या फ्रेम एकावर एक रचून एक फोटो करणं. इथे धीर लागतो: फ्रेम चौपट केल्या तरी फोटोतला गोंगाट (दाणेदारपणा) निम्माच होतो. पहिल्या रात्रीच्या फ्रेममधून गाभा आणि आडवा दंड दिसला, सर्पिल हात मात्र दिसेनात. बऱ्याच रात्रींचा डेटा जोडल्यावर दंडाच्या टोकांपासून वळणारे दोन हात उमटले.

दंड पिवळसर, हात निळसर. दंडात जुने तारे जास्त, हातांत नवे. हा दंड म्हणजे एकाच जागी ठाण मांडलेल्या ताऱ्यांची रांग नव्हे. लांबट कक्षांत फिरणाऱ्या ताऱ्यांची तिथे दाटी होते आणि ती आकृती सबंध फिरत राहते. त्यात वायूचा वेग मोडतो आणि तो केंद्राकडे घसरतो. हबल अवकाश दुर्बिणीने २००४ मध्ये टिपलेल्या तिच्या प्रतिमेत दंडाच्या लांबीने गेलेल्या धुळीच्या काळ्या रेषा आहेत, त्या या वायूच्या वाटा. आपल्या आकाशगंगेलाही दंड आहे, पण आपण आतच राहत असल्याने तो असा समोरून दिसणं नाही.

ही दीर्घिका सहा ते सात कोटी प्रकाशवर्षं दूर आहे, म्हणजे माझ्या फोटोतला तिचा प्रकाश तितक्याच वर्षांपूर्वी निघालेला. येऊरचा काळा दगड लाव्हातून थिजला तोही साधारण तेव्हाच, हे लक्षात आल्यावर मला प्रोसेसिंगच्या कंटाळ्याचं काही वाटेनासं झालं.

हबलच्या प्रतिमेत केंद्रापाशी आणखी एक छोटी सर्पिल आहे, सुमारे ३,३०० प्रकाशवर्षं लांब. इथून ती जेमतेम १० विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) भरते, त्यामुळे माझ्या फोटोत तो नुसता जाड ठिपका आहे. पुढची दीर्घिका एनजीसी १३६५. तिचा दंड आणखी दणकट, पण ती ३५ अंशांच्या वर येतच नाही आणि दक्षिणेला नवा टॉवर उठतोय. तो पूर्ण व्हायच्या आत उरकायला हवं.