बाई, तुमचा सरकारवर भरवसा आहे की नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. प्रश्न साधारण असा असतो: "बाई, एकीकडे तुम्ही माहिती अधिकाराचे अर्ज टाकता, ग्रामसभेत उभ्या राहून हिशेब मागता. दुसरीकडे घरात बॅटरी, सोलर, चूल, विहिरीला रहाट, सगळी जय्यत तयारी. सरकारवर भरवसा असेल तर एवढी बेगमी कशाला? आणि नसेल तर अर्ज कशाला?" विचारणाऱ्यांत मुंबईचे पाहुणे असतात, माझे जुने विद्यार्थी असतात. एकदा आमच्या ग्रामसेवक भाऊसाहेबांनीही विचारलं, जरा वैतागूनच.

आधी बेगमीचं सांगते. आम्ही रायगडच्या दक्षिण टोकाला, खाडीच्या कडेला राहतो. मे महिन्यात आगोट भरायची ही इथली जुनी रीत. सुकट, बोंबील, सोलं, कुळीथ, पापड, माळ्यावर सुकी लाकडं. पाऊस लागला की बाजार लांब आणि खाडी त्याहून लांब, हे धरूनच घर चालायचं. पुढे रस्ता आला, नळ आला, गॅस आला आणि आगोट आटत गेली. ते सगळं आलं ते बरंच झालं. चुलीच्या धुराचं कौतुक ज्यांनी चूल फुंकलेली नाही त्यांनी करावं.

मग ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. भर टाळेबंदीत. दुपारी ते श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात जमिनीवर चढलं आणि संध्याकाळपर्यंत सुपारीच्या बागा झोपल्या होत्या. पत्रे, कौलं कुणाची कुठे गेली त्याचा पत्ता नाही. विजेचे खांब ओळीने आडवे. कितीतरी गावांत वीज यायला आठवडे लागले, काही वाड्यांना महिना उलटून गेला. मोबाइलचे टॉवर मुके झाले. मुंबईतल्या मुलांना आई-बाप जिवंत आहेत एवढंही कळेना.

त्या दिवसांतली एक विहीर मला अजून दिसते. शेजारच्या वाडीची. पाणी भरपूर, गोडं. पण चार-पाच वर्षांपूर्वी तिच्यावर स्लॅब टाकला होता, पंप बसवला होता, आणि रहाटाचे खांब 'आता काय कामाचे' म्हणून कापून टाकले होते. वर राहिलं होतं एक लोखंडी झाकण, त्याला गंजलेलं कुलूप. वीज नाही म्हणजे पंप नाही. खाली पाणी आणि वर हंडे घेऊन उभ्या बायका. शेवटी घण घालून झाकण तोडलं, नायलॉनच्या दोरीला कळशी बांधली. भोक एवढं अरुंद की दर खेपेला कळशी काठावर आपटायची आणि अर्धी रिकामी होऊन वर यायची.

त्या स्लॅबचा ठराव ग्रामसभेत झाला होता. मी सभेला होते, हात वर करणाऱ्यांत आम्ही सगळेच होतो. 'वीज गेली तर?' हा प्रश्न कुणाच्या डोक्यातच आला नाही, कारण पंप म्हणजे प्रगती. माझ्या दोन्ही छंदांचं मूळ त्या झाकणात आहे.

घरात मी काय ठेवते, तर फार काही नाही. शंभर वॅटचं एक पॅनेल, एक बॅटरी, तीन दिवे आणि फोन चार्ज करायची सोय. जूनच्या ढगांत पॅनेल रुसतं, तेव्हा दिवा एकच लावायचा. पंधरा दिवसांचं धान्य, झाकणाचे पाण्याचे पिंप, ट्रान्झिस्टर, औषधं. फ्रिज चालवायच्या भानगडीत मी पडत नाही. शेजारच्या काकूंचं इन्सुलिन ओल्या वाळूतल्या मडक्यात ठेवायची युक्ती मात्र पाठ आहे. वॉकीटॉकी घेऊ का असं विचारणाऱ्यांना मी सांगते की आधी नियम वाचा. हॅम रेडिओला परीक्षा द्यावी लागते, परवाना लागतो. तरुण मुलांनी ती जरूर द्यावी.

सोलरवरून आठवलं. हल्ली छतावर सोलर बसवणारे खूप झालेत. २०२४ पासून सूर्यघर योजनेचं अनुदानही आहे, तीन किलोवॅटला ७८ हजार. बिल कमी होतं, चांगलंच आहे. पण त्यातल्या बहुतेकांना वाटतं की आता वीज गेली तरी आपल्याकडे उजेड. तसं नसतं. साधा, बॅटरीविना, ग्रिडला जोडलेला इन्व्हर्टर लाइन गेली की आपणहून बंद पडतो. पडायलाच हवा, नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनला आपल्या छतावरची वीज मारेल. भर उन्हात, डोक्यावर पॅनेल चकाकत असताना घरात पंखा बंद, असा प्रकार होतो. त्यामुळे पंचायत कार्यालयावर सोलर बसवायचा विषय ग्रामसभेत आला, कारण म्हणून 'आपत्तीच्या वेळी उपयोगी' असं लिहिलं होतं, तेव्हा मी उठले.

"भाऊसाहेब, अंदाजपत्रकात बॅटरी आहे का?"

"बाई, सोलर आहे ना!"

"सोलर दिसतंय. बॅटरी कुठल्या पानावर आहे?"

पानं उलटली गेली. बॅटरी नव्हती. सरपंच वहिनी समजूतदार, त्यांनी विषय पुढच्या सभेवर ठेवला आणि पुढच्या वेळी तो बॅटरीसकट आला. घरी बॅटरी वापरत नसते तर मला हा प्रश्न सुचला नसता. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथंच आहे.

उरलेलं निम्मं असं की, घरातल्या बेगमीवर मी दहा-पंधरा दिवस काढीन. पुढे काय? पडलेला माड रस्त्यावरून मी हलवू शकत नाही. ट्रान्सफॉर्मर विकत आणू शकत नाही. गावाच्या टाकीतलं पाणी शुद्ध करू शकत नाही. ज्या गोष्टी पैसे देऊनही मला घरात ठेवता येत नाहीत त्यांची यादी केली, आणि तीच माझ्या अर्जांची यादी झाली.

अर्ज म्हणजे काही आग्यावेताळ नव्हे. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एक विषय, दीडशे शब्दांच्या आत. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. दुसरं अपील राज्य माहिती आयोगाकडे गेलं की तारखेची वाट बघत केस पांढरे होतात, म्हणून मी शक्यतो तिथवर जात नाही. नकला मागण्यापेक्षा कागद समोर बसून बघायचे, कायद्यात तो हक्क आहे. समोरासमोर बसलं की माणसं बोलतात. अर्जांच्या जोरावर पैसे उकळणारेही या तालुक्याने पाहिलेत, त्यांच्यामुळे आमच्यासारख्यांकडे बघायची नजर बदलते. आणि घरच्यांच्या पोटात गोळा येतो तो वेगळाच. माहिती अधिकाराचे अर्ज टाकणाऱ्या, तळेगाव दाभाड्याच्या सतीश शेट्टींचा २०१० साली सकाळी फिरताना खून झाला, ते इथे कुणी विसरलेलं नाही.

माझं सगळ्यात आवडतं दप्तर म्हणजे टीसीएलची साठा नोंदवही. टीसीएल म्हणजे विहिरीत, टाकीत घालायची ब्लीचिंग पावडर. ताज्या पावडरीत क्लोरीन ३३ टक्क्यांच्या आसपास असतं. दमट हवेत ते उडत जातं, आणि २० टक्क्यांखाली गेलं की ती पावडर टाकणं म्हणजे चुना टाकणं. आमच्याकडे नोंदवहीत साठा भरपूर होता. खोलीत जाऊन पाहिलं तर पोतं उघडं, पावडरीची ढेकळं झालेली, आणि नाकाला वास जेमतेम. कायद्यात नमुना घ्यायचाही हक्क आहे. नमुना प्रयोगशाळेत गेला आणि नापास झाला. सगळे जलसुरक्षकावर, म्हणजे पाण्यात पावडर टाकणाऱ्या माणसावर, तुटून पडले. त्याचं मानधन ऐकलंत तर तुम्हीच गप्प बसाल, आणि त्याला कोरडी जागा कुणी दिली होती? मी सभेत मागितलं ते एवढंच: झाकणाचे दोन ड्रम, थोडा थोडा ताजा माल, आणि पावसाळ्यात ओटी टेस्टचा, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलंय का ते बघायच्या चाचणीचा, निकाल रोज फळ्यावर. पैशाची सबब नव्हती. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ६० टक्के वाटा पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेला होता. ड्रम आले. फळ्यावर कधी लिहितात, कधी नाही. नसेल लिहिलं तर मुलं मला येऊन सांगतात.

गावाचा आपत्ती आराखडा मागवला तेव्हा मात्र हसावं की रडावं कळेना. समितीतले दोघे निवर्तलेले, तलाठी बदलून गेलेले, आणि निवारा म्हणून जी शाळा लिहिली होती तिचेच पत्रे निसर्ग वादळात उडाले होते. लाकूड कापायचं यंत्र 'तालुक्याला उपलब्ध'. रस्ताच बंद असताना तालुक्याहून ते येणार कसं? त्या ओळीमुळे वाडीने वर्गणी काढून एक वुडकटर घेतला. आराखडा आता दर मे महिन्यात आम्ही चार बायका बसून दुरुस्त करतो आणि पंचायतीत आवक शिक्का मारून देतो.

भाऊसाहेबांनी विचारलं होतं तेव्हा मी त्यांना म्हटलं, तुमच्यावर भरवसा नसता तर मी तुमच्या दारात कशाला आले असते? ते म्हणाले, "बाई, भरवसा जरा कमी ठेवा."

सध्या मोबाइलच्या टॉवरच्या मागे आहे. कंपनी खासगी, तिला माहिती अधिकार लागू नाही. पण पंचायत टॉवरचा कर घेते. तेव्हा वीज गेल्यावर तो किती तास चालतो आणि डिझेल कोण आणतं, हे गावाने विचारायला हरकत नसावी. ग्रामसभेचा ठराव झाला, पत्र तालुक्याला गेलं. उत्तर आलंय: 'उचित कार्यवाहीस्तव अग्रेषित.' कुणाकडे अग्रेषित, ते लिहिलेलं नाही. त्यासाठी दहा रुपयांचा स्टॅम्प आणून ठेवलाय, आणि ट्रान्झिस्टरला नवे सेल.