शंभर डोस, तेरा पिलं

मे महिन्यातली संध्याकाळ. नवापूर तालुक्यातल्या त्या पाड्यावर पोचलो तेव्हा आजींच्या अंगणात एक तलंग मान पाठीकडे पिरगळून गोल गोल फिरत होती. भिंतीकडेला हिरवट पातळ शिट पडली होती. मेलेली एक कोंबडी तपासणीला पाठवायला बांधून घेतली, पण लक्षणं मानमोडीची, म्हणजे रानीखेत रोगाचीच होती.

आजी खुराड्याच्या तोंडाशी बसून होत्या. "नेणार का?" एवढंच त्यांनी विचारलं. 2006 च्या फेब्रुवारीत देशातला पहिला बर्ड फ्लू नवापूरला निघाला, तेव्हा आसपासच्या घरच्या कोंबड्याही मारून पुरल्या होत्या. ते या भागात कुणी विसरलेलं नाही.

"नाही आजी, नेत नाही."

डालग्याखाली नऊ दिवसांची तेरा पिलं होती. चपळ, दाणे टिपणारी. माझ्या थर्मासमध्ये बर्फात लासोटाची, म्हणजे याच रोगावरच्या लसीची, शंभर डोसांची बाटली होती. ती एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते, उरलेली वाया जाते. त्याची चिंता नव्हती. पाड्यावर घरोघरी पिलं होती आणि दिवेलागणीला सगळी खुराड्यात येणारच होती. अडचण या तेरांचीच होती.

आजारी पक्ष्याला लस देत नाहीत. ही निरोगी दिसत होती, पण त्या तलंगीच्याच परळातलं पाणी प्यायलेली. रोग शिरल्यावर दिसायला साधारण पाच-सहा दिवस जातात. थेंब दिले आणि मेली, तर पाडा म्हणणार, डॉक्टरच्या थेंबांनी मेली. मग पुढच्या खेपेला कुणीही पिलू हातात देणार नाही. आणि न द्यावे, तर अजून रोग न शिरलेली पिलंही जाणार.

मी आजींना सरळ सांगितलं, "हे औषध नाही. रोग आत गेला असेल तर या थेंबांनी तो जाणार नाही. काही पिलं मरतील. गेला नसेल, तर वाचायची आशा आहे."

त्या बराच वेळ डालग्याकडे बघत राहिल्या. "आधी दुसऱ्यांच्यांना दे. माझ्यांना शेवटी. इथले हात तिकडे नको नेऊ."

मी हेच सांगणार होतो. हातपाय साबणानं घासले, चपला तिथंच सोडल्या आणि मगच बाटली कालवली. आजींचा नातू पुढे हाका मारत पळाला. एका डोळ्यात एक थेंब टाकायचा, पिलानं डोळा मिटेपर्यंत धरून ठेवायचं, पाठीवर जेंशियन व्हायोलेटचा जांभळा ठिपका लावायचा, की पुढचं पिलू. अंधार पडला तसा नातवानं बॅटरी धरली. एका घरानं दार उघडलंच नाही. आजींच्या अंगणात परतलो तेव्हा दोन तासांतली दहा मिनिटं उरली होती. तेरा पिलं, तेरा थेंब.

नऊ दिवसांनी गेलो. तेरातली सात उरली होती. शेजारची बाई माझ्यावर चिडून आली. तिचीही दोन गेली होती. मी तोंड उघडायच्या आत आजी म्हणाल्या, "यानं आधीच सांगितलं होतं."

मग माझ्याकडे वळून, "आता पुढचं कधी?"

"आठ आठवड्यांची झाली की पंखाखाली सुई."

त्यांनी बोटं मोजली. "म्हणजे सहावा बाजार."