उशिराची थंडी: रात्रीपेक्षा दिवस कसा गेला ते बघा

अपडेट द्यायला उशीर झाला, सगळं लक्ष नेस्ट बॉक्सच्या, म्हणजे पक्ष्यांना घरट्यासाठी लावलेल्या पेटीच्या, कॅमेऱ्यात अडकलेलं. सफरचंदाला फुलं आली, पेटीत टिट या छोट्या पक्ष्याची पिल्लं निघाली आणि नेमकी तेव्हाच थंडी परत आली, पहाटे गवतावरचं दव गोठायला लागलं.

या सीझनला वहीत रात्रीच्या मिनिममशेजारी एक कॉलम वाढवलाय, दिवसात पारा १० अंशांच्या वर किती तास होता त्याचा. कारण साधारण त्याच्या खाली बहुतेक उडणारे किडे जागचे हलत नाहीत. आणि आता माझं मत पक्कं झालंय, पिल्लं जातात ती रात्रीच्या गारठ्याने कमी आणि दिवसाच्या उपासाने जास्त. सुरुवातीचे दिवस त्यांच्या अंगावर पिसं नसतात, स्वतःची ऊब धरता येत नाही, म्हणून आई पोटाखाली घेऊन बसते, थंडीत आणखी जास्त वेळ बसते, मग घास आणायचं काम जवळपास एकट्या नरावर पडतं आणि तिकडे अळ्यासुद्धा हळू वाढत असतात. रात्र कडक गेली पण दुपारी ऊन पडलं तर बरंच भरून निघतं. ढगाळ, वारा, भुरभुर आणि दिवसभर ६-७ अंश, असे दिवस सलग आले की खरी भीती. भिंगऱ्यांचं (स्वॅलो पक्ष्यांचं) तर त्याहून कठीण, त्या खातातच उडते किडे.

बंबलबीची, म्हणजे त्या जाड, केसाळ रानमाशीची, राणी मात्र बघत राहावी अशी. वसंतात ती एकटीच घर मांडते, अजून कामकरी माश्या नसतात. पंख न हलवता उडायचे स्नायू थरथरवून ती छाती ३० अंशांच्या आसपास तापवते, म्हणून मधमाश्या घरात असतात तेव्हाही ही बाहेर दिसते. तीच ऊब ती अंड्यांना देते, समोर मेणाच्या छोट्या भांड्यात मकरंद भरून ठेवलेला असतो त्यावर रात्र काढते. पण तो मकरंद आणायचा कुठून? पूर्ण उमललेल्या सफरचंदाच्या फुलाला उणे २ च्या आसपास इजा सुरू होते, उणे ४ ला जवळपास सगळीच जातात. पाकळ्या छान दिसतात हो, फूल उभं चिरून बघा, मधला भाग काळा पडलेला असतो. म्हणून तिला मकरंद मिळावा यासाठी गवतातले डँडेलियन, ती पिवळी रानफुलं, अजिबात उपटलेले नाहीत.

तळ्यात विशेष नाही, टॅडपोल (बेडकांची पिल्लं) तळाशी मंद पडलेत, पाणी सावकाश गार होतं त्यामुळे त्यांची चिंता नाही.

पक्ष्यांच्या फीडरवर भिजवलेले मीलवर्म (सुकवलेल्या अळ्या) ठेवतेय, अख्खे शेंगदाणे बंद केलेत, पिल्लांच्या घशात अडकतात. गारठून जमिनीवर बसलेल्या बंबलबीला दोन भाग साखर एक भाग पाणी, थेंबभर, मध नाही द्यायचा कारण त्यातून रोग जाऊ शकतो. आणि प्लीज पेटी उघडून बघू नका, आई उठली की ऊब गेली.

पुढच्या वेळी पेटीच्या आतही टेम्परेचर लॉगर बसवणार आहे. तुम्ही कोणी दिवसाचे तास मोजत असाल तर आकडे टाका, पिल्लं किती उडाली त्याच्यासोबत.